भाव पट्टीत नसतो!

(द्वितीय वर्ष, कला)

संगीताविषयी बोलताना आपण काही समजुती फार निर्धास्तपणे वापरतो. शुद्ध स्वर आनंदाचे, कोमल स्वर दुःखाचे. अमुक पट्टी वीराची, तमुक पट्टी भक्ताची! युरोपातही अशी समजूत होती. ख्रिस्टियान शूबार्ट या जर्मन कवी-संगीतकाराने १७८४-८५ च्या सुमारास प्रत्येक पट्टीचा स्वभाव लिहून ठेवला. हे लेखन त्याच्या मृत्यूनंतर १८०६ मध्ये ग्रंथरूपाने छापले गेले. त्यात ‘डी मेजर’ ही पट्टी विजयाची आणि जयघोषाची ठरवली आहे.

मला हे मत मान्य नाही. का मान्य नाही ते दोन ख्रिस्ती समूहगानांच्या आधारे सांगतो. दोन्ही ‘डी मेजर’मध्येच आहेत. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचे तर षड्ज पांढरी दोनचा आणि बाकीचे स्वर शुद्ध.

पहिले गान हँडेलचे ‘हालेलूया’. १७४१ साली अवघ्या चोवीस दिवसांत लिहिलेल्या ‘मेसाया’ या दीर्घ रचनेतले हे गान. तिचा पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनला झाला. लय जलद, सोबत तुताऱ्या आणि नगारे. ऐकताना माणूस ताठ उभा राहतो. शूबार्टचे म्हणणे येथे अगदी खरे वाटते.

दुसरे गान मोत्सार्टचे ‘आवे वेरुम कोर्पुस’. ते त्याने जून १७९१ मध्ये व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावी लिहिले. १७८९ साली त्याने स्वतःच ‘मेसाया’ची नवी वाद्यरचना केली होती, म्हणजे हँडेलचा तो जयघोष त्याच्या कानात पक्का होता. तरीही त्याने तीच पट्टी घेतली आणि तिच्यातून उलट भाव काढला. येथे तुताऱ्या नाहीत, नगारे नाहीत. फक्त तंतुवाद्ये, ऑर्गन आणि चार प्रकारचे मानवी आवाज. लय ‘अदाजिओ’, म्हणजे संथ. आवाजाविषयी आरंभीच एक सूचना : ‘सोत्तो व्होचे’, म्हणजे दबक्या आवाजात. सारी रचना ४६ बारांची, तीन-चार मिनिटांत संपणारी. विषय क्रुसावरील देहाचा आणि मरणसमयी मागायच्या आधाराचा. जखमी कुशीचा उल्लेख येतो तेथे षड्ज ‘डी’वरून ‘एफ’वर, म्हणजे पांढरी चारवर सरकतो. भिंत तीच राहून खिडकी बदलावी तसे वाटते. शेवटी स्त्रियांचे आवाज पुढे होतात, पुरुषांचे मागून येतात आणि मृत्यूच्या शब्दापाशी सारे पुन्हा एक होतात. त्या शब्दासाठी मोत्सार्टने शोकाची पट्टी शोधली नाही. तो मूळच्या ‘डी मेजर’मध्येच परतला.

मग ‘डी मेजर’ला विजयाची कीर्ती कोठून मिळाली? कारण बरेचसे व्यावहारिक आहे. त्या काळच्या तुतारीला झडपा नव्हत्या. तिच्यातून ठरावीक स्वरच निघत आणि ‘डी’ स्वराच्या तुताऱ्या सर्रास वापरात होत्या. जयघोषाला तुतारी हवी, म्हणून पट्टी ‘डी’! वाद्याची अडचण पुढे स्वराचा स्वभाव म्हणून ओळखली जाऊ लागली.

मित्रहो, यात आपल्याला नवे काय आहे? माझ्या घरात संगीत शिकलेले कोणी नाही. वडील गावच्या भजनात टाळ धरतात. भजनाची पट्टी पुढे गाणाऱ्या बुवांच्या गळ्यावर ठरते, रसावर नव्हे. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हा गजर संथ सुरू होतो आणि चढत चढत द्रुत लयीत जातो. पेटीवरची पट्टी तीच असते. पण आरंभीचा शांत भाव आणि शेवटचा उन्माद यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. हे अंतर लय घडवते, आवाजाचा जोर घडवतो आणि सोबत गाणाऱ्यांचा संयम घडवतो.

म्हणूनच लय ठरवणे ही मोठी जबाबदारी आहे असे मला वाटते. ‘आवे वेरुम’ संथ आहे, पण मोत्सार्टने ताल असा लिहिला आहे की एका बारात दोनच ठोके धरायचे. म्हणजे ते वाहत राहिले पाहिजे. फार ओढले तर प्रार्थनेचे रडगाणे होते आणि घाईने म्हटले तर तिची कवायत होते. आपल्या संमेलनांतील समूहगीते बहुधा दुसऱ्या वाटेने जातात. वेग वाढवला की टाळ्या पडतात, म्हणून प्रार्थनासुद्धा धावत सुटते. गाणाऱ्याला श्वास मिळत नाही आणि ऐकणाऱ्याला शब्द मिळत नाहीत. पट्टी कोणती घ्यावी यावर तालमीत तासभर वाद होतो; लय किती असावी हे मात्र कोणी विचारीत नाही!

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. असे संगीत जाणकारांसाठीच असते, आपल्यासारख्यांना त्यातले काय कळणार, असे अनेकजण बोलून दाखवतात. पण मोत्सार्टने हे गान राजदरबारासाठी लिहिले नव्हते. ते आंटोन श्टोल या त्याच्या स्नेह्यासाठी होते. हा गृहस्थ बाडेनमधला शाळामास्तर आणि तेथील चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख. गावातली माणसे गातील म्हणून त्यात एकट्याने मिरवण्याची जागा नाही आणि गळ्याची कसरत नाही. आहे तो फक्त एकमेकांचा आवाज ऐकत गाण्याचा धर्म. तो पाळायला घराण्याची तालीम लागत नाही, ग्रंथांची साक्ष लागत नाही.

पट्टी पेटी देते. भाव मात्र गाणाऱ्यांनी मिळून, श्वास सांभाळून निर्माण करायचा असतो. पुढच्या संमेलनात आपण तेवढे केले तरी पुष्कळ झाले!