पहिले चित्र ग्रंथालयाने विकत घ्यावे



निकाल लागले की दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार आपल्या विहारांत होतात. पुष्पगुच्छ, पुस्तक, संविधानाची प्रत दिली जाते. प्रथा चांगलीच आहे. परंतु चित्रकलेचा किंवा शिल्पकलेचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या मुलामुलीचा सत्कार आपण कधी पाहिला आहे काय? "चित्राने पोट भरते का?" हा प्रश्न मात्र त्यांना घरीदारी विचारला जातो.

अमेरिकेतील काही महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी यावर एक साधी रीत काढली आहे. शेवटच्या वर्षाच्या कला विद्यार्थ्यांकडून कामे मागवायची, त्यांतील एखादे निवडायचे, त्याचे रोख पैसे द्यायचे आणि ते ग्रंथालयाच्या संग्रहात कायम ठेवायचे. हेच त्या विद्यार्थ्याचे पारितोषिक. शिक्षण संपवून बाहेर पडताना त्याला पहिला ग्राहक मिळतो, आणि तो ग्राहक म्हणजे त्याचेच ग्रंथालय!

आपल्याकडेही असे जपणे अगदीच नवे नाही. १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या सर जे. जे. कला महाविद्यालयाने विद्यार्थ्यांची निवडक कामे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. पुढे नामवंत झालेल्या चित्रकारांची उमेदीची चित्रे त्या संग्रहात आहेत. संस्थेने ठेवली म्हणून ती उरली.

जपले नाही तर काय होते, हेही पाहा. आपल्या जिल्ह्याची हद्द ओलांडली की अजिंठा फार दूर नाही. बुद्धांच्या जीवनाची आणि जातककथांची ती चित्रे जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ पासून पुढे अनेक वर्षे उतरवून घेतली. त्या प्रती लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतील बऱ्याच जळाल्या. पुढे १८९६-९७ मध्ये त्यावर ग्रंथ निघाला, त्यावर नाव ग्रिफिथ्स यांचे. लेण्यात बसून रंग लावणाऱ्या त्या पोरांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येईल काय?

याउलट एक अभिमानाची गोष्ट. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले आणि ग्रंथालयात रमले. त्याच विद्यापीठाच्या लेहमन ग्रंथालयात आज बाबासाहेबांचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. तो घडवला मुंबईचे शिल्पकार विनय वाघ यांनी, आणि १९९१ साली विद्यापीठाला भेट दिला ब्रिटनमधील आंबेडकरी व बौद्ध संघटनांच्या फेडरेशनने. विनय वाघ यांचे वडील ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला बाबासाहेबांचा पुतळा १९६७ साली संसदेच्या आवारात उभा राहिला. ग्रंथालयात केवळ पुस्तकेच शोभतात असे नाही.

चित्रातूनही चळवळ बोलते. नागपूरचे सवी सावरकर यांनी अस्पृश्यता आणि देवदासी प्रथेचे दुःख चित्रांतून जगापुढे मांडले. तसा हात आपल्या बुलडाणा, खामगाव, मेहकर, चिखलीच्या वस्त्यांतही असेल. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला चांगली श्रेणी मिळवणारी आपली मुले थोडी नाहीत. पूर्वी असा मुलगा निदान पेंटर म्हणून पाट्या रंगवून पोट भरायचा. फ्लेक्स आला आणि तेही काम गेले. जयंतीला त्याने रात्र-रात्र जागून काढलेले बाबासाहेबांचे चित्र मिरवणुकीनंतर कुठे जाते, हे आपण सारे जाणतो.

म्हणून माझी सूचना अशी. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आणि आपल्या विहारांतील वाचनालयांनी दरवर्षी, शिक्षण पूर्ण करणाऱ्या एका तरी विद्यार्थ्याची कलाकृती विकत घ्यावी. फुकट मागू नये. कलाशिक्षकांकडून निवड करून घ्यावी, नात्यागोत्यावर नव्हे. विषयाची सक्ती नको. आईच्या हातातील विळाही चालेल, वीटभट्टीही चालेल. पैसे पावती घेऊन द्यावेत. चित्राखाली नाव, गाव आणि साल लिहावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, पुस्तकाप्रमाणेच त्या चित्राची दाखल रजिस्टरात नोंद करावी. मी कारकून माणूस आहे. नोंद नसलेल्या वस्तूला कोणी वाली नसतो. नोंद झालेली वस्तू गहाळ झाली तर कोणाला तरी जाब द्यावा लागतो.

कोणी म्हणेल, आधी पुस्तके घ्या. पुस्तके घ्यायलाच हवीत, त्यांच्या पैशाला हात लावू नये. जयंतीच्या डीजेचा खर्च थोडा कमी केला तरी एका चित्राची किंमत निघेल. डीजेचा आवाज त्याच रात्री विरतो. भिंतीवरचे चित्र मात्र तिथे अभ्यासाला बसणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगत राहील की, हे आपल्यातल्याच एकाने काढले आहे आणि समाजाने त्याचे मोल दिले आहे.

येत्या जयंतीच्या बैठकीत हा ठराव कोण मांडणार?

नमो बुद्धाय! जयभीम!