रिफॉर्ममधली आडवी रेघ

इंग्रजीत 'रिफॉर्म' हा शब्द दोन तऱ्हेने लिहितात. सलग लिहिला की अर्थ सुधारणा, म्हणजे होतं त्याहून चांगलं करणं. मध्ये हायफनची आडवी रेघ टाकून 'री-फॉर्म' लिहिला की अर्थ उरतो नुसतं पुन्हा घडवणं. त्यात चांगलं-वाईट काही नाही. 'रिझाइन' म्हणजे राजीनामा आणि 'री-साइन' म्हणजे पुन्हा सही, तसंच हे.

आता तुम्ही म्हणाल, हा इंग्रजीचा तास कशाला? कारण 1991 पासून आपण हा शब्द सतत ऐकतोय. आर्थिक रिफॉर्म, वीज रिफॉर्म, शेती रिफॉर्म, कामगार रिफॉर्म. आणि प्रत्येक वेळी तो सलगच असतो. निर्णय जाहीर होतानाच तो चांगला आहे असं ठरून जातं. मग शंका काढणारा आपोआप 'सुधारणाविरोधी'.

मराठीत तर आणखी पंचाईत. आपल्याकडे कायद्यात एखादा शब्द बदलला, तरी नव्या कायद्याच्या नावात कंसात 'सुधारणा' येतं. मूळ इंग्रजीतल्या 'अमेंडमेंट'चा अर्थ फक्त दुरुस्ती किंवा बदल. आपण मात्र बदलालाही सुधारणा म्हणतो आणि प्रगतीलाही.

वीज मंडळाचं उदाहरण घ्या. 2005 मध्ये मंडळाची फेररचना झाली आणि महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या. हे झालं री-फॉर्म, आडव्या रेघेसह. ती रेघ पुसायची का, हे गळती किती कमी झाली, शेतीला वीज कधी मिळते, बिल परवडतं का, यावर ठरायला हवं. पाट्या बदलल्या यावर नाही.

शेतीचंही तेच. महाराष्ट्राने 2016 मध्येच फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून बाहेर काढला. 2020 मध्ये केंद्राचे तीन कृषी कायदे आले, देशभर रणकंदन झालं, 2021 मध्ये ते मागे घेतले गेले. या सगळ्या गदारोळात आपल्या चार वर्षांच्या अनुभवाचा हिशेब मध्यभागी असायला हवा होता. शेतकऱ्याच्या हातात जास्त पैसे पडले का? पण एक बाजू 'रिफॉर्म' म्हणत राहिली, दुसरी 'काळे कायदे'. हिशेब राहिला बाजूला.

मी बदलाच्या विरोधात नाही. महाराष्ट्राने केंद्राच्या तीन वर्षं आधी, 2002 मध्ये माहितीचा अधिकार दिला. साध्या माणसाला सरकारी फाईल मागता येऊ लागली. त्याला मी बिनधास्त सुधारणा म्हणतो, कारण कोणाच्या हातात काय आलं ते दाखवता येतं.

आता 29 कामगार कायद्यांच्या जागी 4 संहिता आल्यात. त्यांनाही आधी 'फेररचना' म्हणूया. आणि तीन प्रश्न विचारूया: आधी काय होतं? आता नेमकं काय बदललं? कंत्राटी कामगाराच्या पगारात, सुट्टीत, नोकरीच्या खात्रीत काय फरक पडला? उत्तरं चांगली आली तर 'सुधारणा' म्हणायला आपली ना नाही.

तुमच्या भागात गेल्या काही वर्षांत 'सुधारणा' म्हणून जे काही झालं, त्यातलं खरंच काय सुधारलं? कॉमेंटमध्ये लिहा. पक्ष सांगू नका, अनुभव सांगा.