कोणता प्रकाश, किती क्वांटम?

राष्ट्रीय क्वांटम मिशनला १९ एप्रिल २०२३ रोजी मंजुरी मिळाली, ६००३.६५ कोटी रुपयांची तरतूद झाली आणि देशातील विज्ञानवार्तांना ‘क्वांटम’ या शब्दाचा मोह आवरेनासा झाला. ‘प्रकाश आणि चुंबकत्व यांची सांगड’ हा त्यातलाच एक लाडका मथळा. तो खोटा नसतो. पण त्यातला ‘प्रकाश’ बहुधा डोळ्यांना दिसणारा नसतो, ऑप्टिकल फायबरमधून धावणाराही नसतो. तो असतो मायक्रोवेव्ह.

हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. यट्रियम आयर्न गार्नेटचा अर्धा मिलिमीटर व्यासाचा गोळा धातूच्या पोकळीत ठेवला, की त्यातील १० च्या १८ व्या घाताइतके स्पिन एका लयीत डोलू शकतात. या डोलण्याचा पुंज म्हणजे मॅग्नॉन. एकट्या स्पिनचे फोटॉनशी नाते अगदी क्षीण. मात्र स्पिनसंख्येच्या वर्गमुळाच्या पटीत ते बळावते, म्हणजे येथे सुमारे शंभर कोटी पट. १० गिगाहर्ट्झच्या आसपास ही सांगड म्हणूनच भक्कम ठरते. फायबरमधला प्रकाश मात्र सुमारे १९३ टेराहर्ट्झचा, जवळपास वीस हजार पट वारंवारतेचा. तेथे सूर जुळतच नाहीत; फॅराडे परिणामाची आडवाट धरावी लागते. टोकियोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्या वाटेने मायक्रोवेव्हचे प्रकाशात रूपांतर केले, तेव्हा कार्यक्षमता हजार कोटींत एक एवढीच होती. ‘क्वांटम इंटरनेट दाराशी’ असे लिहिणाऱ्यांना हा आकडा कधी आठवत नाही.

दुसरी फसगत याहून सूक्ष्म आहे. आलेखातील दोन रेषा जवळ येतात आणि एकमेकींना न छेदता दूर होतात. हेच चित्र ‘क्वांटम पुरावा’ म्हणून छापले जाते. स्प्रिंगने जोडलेले दोन लंबकही हेच करतात, आणि त्यांना पुंजयामिकीची गरज पडत नाही. खोलीच्या तापमानाला १० गिगाहर्ट्झच्या एका कंपनात सुमारे सहाशे औष्णिक फोटॉन आधीच गर्दी करून असतात. भक्कम सांगड तरीही दिसते. येल विद्यापीठातील २०१४ चा प्रयोग खोलीच्याच तापमानाला झाला होता. खरा क्वांटम टप्पा वेगळा: २०१५ मध्ये अतिवाहक क्यूबिटशी मॅग्नॉन जोडला गेला आणि २०२० मध्ये एकटा मॅग्नॉन टिपला गेला, तोही निरपेक्ष शून्याच्या अगदी निकट.

सामान्य वाचकासाठी एवढे सुलभीकरण चालायचेच, असा बचाव केला जातो. पण या बातम्या सामान्य वाचकाहून अधिक आस्थेने वाचतो तो एम. एस्सी.चा विद्यार्थी, पीएच. डी.चा विषय निवडताना तो त्यांवरच विसंबतो. शुद्ध गार्नेट स्फटिक वाढवणे, त्याचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत करणे, अतिशीत यंत्रणा वर्षानुवर्षे चालती ठेवणे, ही कष्टाची कामे मथळ्यात कधीच येत नाहीत, आणि मग त्यांसाठी माणसेही मिळत नाहीत. वारंवारता, तापमान आणि कार्यक्षमता हे तीन आकडे प्रत्येक प्रसिद्धिपत्रकात पहिल्याच परिच्छेदात छापायला जागा तरी कितीशी लागते?