खोट्या नाण्यांचा बाजार आणि कायद्याचें मौन

नाणें वाजवून घ्यावें, ही आपल्या पेठेची जुनी रीत. परंतु ज्या नाण्याचें मोल धातूंत नसून दुर्मिळतेंत आहे, त्याची परीक्षा नादावरून कशी व्हावी? या अडचणीवरच लुच्च्यांचा एक धंदा आज उभा आहे, आणि आपला कायदा त्याकडे अर्ध्या डोळ्यानें पाहत आहे.

या लबाडीचे प्रकार दोन. पहिला विकणारास नागवण्याचा. घरांतल्या जुन्या नाण्यास लाखों रुपये मिळतील, अशी जाहिरात मोबाईलवर झळकते. वैष्णोदेवीचें चित्र असलेलीं २०१२ सालचीं पांच व दहा रुपयांचीं नाणीं सरकारनेंच चलनांत आणलेलीं. पण त्यांसही लाखांचें मोल सांगितलें जातें. नाण्याचें छायाचित्र धाडतांच गिऱ्हाईक ‘ठरतें’. मग नोंदणीची फी, मग कर, मग रिझर्व्ह बँकेचा दाखला, अशा नांवांनीं पैसे उकळले जातात. गिऱ्हाईक मात्र येत नाहीं. ४ ऑगस्ट २०२१ रोजीं खुद्द रिझर्व्ह बँकेस जाहीर करावें लागलें कीं, अशा व्यवहारांशीं आपला संबंध नाहीं, आपण त्यावर कसलीही दलाली घेत नाहीं आणि तसा अधिकार कोणासही दिलेला नाहीं.

दुसरा प्रकार घेणारास बुडविण्याचा. एका बाजूस रामपंचायतन किंवा मारुति, दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचें नांव व १८१८ साल, असे पितळी तुकडे ‘कंपनी सरकारचें नाणें’ म्हणून खपविले जातात. कंपनीनें असलें नाणें कधींच पाडलें नाहीं.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. भारतीय न्याय संहितेच्या १७८ व्या कलमान्वयें खोटें नाणें पाडणारास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. परंतु ‘नाणें’ म्हणजे चालू चलनांतलें नाणें, अशी व्याख्या असल्यामुळें आजचा खोटा रुपया पाडणारा या कलमांत सांपडतो. खोटा शिवरायी होन पाडणारा सांपडत नाहीं. त्याच्यावर ३१८ व्या कलमाखालीं फसवणुकीचा खटला होऊं शकेल. पण त्यासाठीं विकतेवेळीं त्याची बुद्धि अप्रामाणिक होती, हें सिद्ध करावें लागतें. ‘मलाही तें खरेंच वाटलें’, एवढ्या उत्तरावर अनेकांची सुटका होते. १९७२ चा पुराणवस्तु कायदा शंभर वर्षांवरील नाण्यांच्या निर्यातीस बंदी करतो, व्यापारास परवाना लावतो. तो खऱ्या नाण्याचें रक्षण करतो. खोट्यापासून गिऱ्हाइकाचें नाहीं.

अमेरिकेनें १९७३ सालींच कायदा करून संग्राह्य नाण्याच्या नकलेवर ‘नक्कल’ असा शब्द उमटविण्याची सक्ती केली, आणि २०१४ सालीं ती जबाबदारी विकणारावरही टाकली. असें साधें कलम आपल्या पुराणवस्तु कायद्यांत घालण्यास कोणती अडचण आहे? त्याबरोबरच परवानाधारक व्यापाऱ्यानें खरेपणाची लेखी हमी द्यावी, आणि असल्या जाहिरातींवर पैसा मिळविणाऱ्या कंपन्यांना जबाबदार धरावें, अशी आमची मागणी आहे.

यावर कोणी म्हणेल, लोभी माणूस ठकला तर सरकारनें काय करावें? लोभ हा दोष खरा. पण तो गुन्हा नव्हे, आणि ठकविणें हा गुन्हा आहे. शिवाय येथें केवळ एकाच्या खिशाचा प्रश्न नाहीं. शिलालेख जेथें मुके आहेत, तेथें आपल्या राजवंशांची साक्ष नाणींच देतात. त्या साक्षींत खोटे साक्षीदार मिसळले तर इतिहासाचा निवाडाच बिघडतो.

कायदा होईल तेव्हां होवो. तोंवर वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: जो तुमची वस्तु विकत घेणार, त्यानें तुम्हांस पैसे द्यावयाचे असतात, तो आधीं तुमच्याकडेच पैसे मागूं लागला तर व्यवहार तेथेंच थांबवावा. फसगत झालीच तर लाजेनें गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. आणि सचोटीच्या व्यापाऱ्यांनीं कायद्याची वाट न पाहतां लेखी हमीची चाल आजच पाडावी. खोट्या मालामुळें पत बुडते ती अखेर त्यांचीच.