'हिस्टेरिया' : निदान की वर्णन?

कादंबरीतील एखादी स्त्री आक्रोश करू लागली, की तिच्यासाठी 'हिस्टेरिकल' हे विशेषण सहजी वापरले जाते. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत ते येते, तसेच आम्हां अध्यापकांच्या टिपणांतही. हे निव्वळ वर्णन आहे असे आपण गृहीत धरतो. आमच्या मते ते निदान आहे, आणि तेही शरीराविषयीच्या एका चुकीच्या कल्पनेवर उभे असलेले.

ग्रीक भाषेत 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय. ते जागा सोडून सरकते आणि स्त्रीचा श्वास कोंडतो, अशी समजूत हिपोक्रेटिसच्या नावावरील वैद्यकग्रंथांत आढळते. प्लेटोच्या 'तिमायस'मध्ये तर गर्भाशय हा अपत्यासाठी आसुसलेला, अतृप्त राहिल्यास शरीरभर भटकणारा एक प्राणीच आहे. स्त्रीच्या दुःखाचे कारण तिच्या परिस्थितीत न शोधता तिच्या एका अवयवात शोधायचे, ही रीत येथूनच दिसू लागते.

मात्र या शब्दाचा इतिहास एकरंगी नाही. लंडनचे वैद्य एडवर्ड जॉर्डन यांनी १६०३ मध्ये या विकारावर पुस्तिका लिहिली. ज्या लक्षणांना लोक चेटूक समजतात ती नैसर्गिक रोगाची असू शकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या काळच्या इंग्रजीत गर्भाशयाला आणि या विकारालाही 'मदर' म्हणत. म्हणूनच शेक्सपिअरचा लिअर राजा मुलीने केलेल्या अवमानाच्या क्षणी आपल्या आत 'मदर' उसळत असल्याचे सांगतो, तेव्हा एका वृद्ध पुरुषाच्या देहात स्त्रीचा रोग शिरलेला असतो. या नाटकात राणी कोठेच नाही. त्या अनुपस्थित आईचा माग कोपेलिया कान यांनी १९८६ च्या निबंधात याच शब्दापासून घेतला. शब्दाचे मूळ ठाऊक नसेल, तर हा सारा अर्थ वाचकाच्या हातून निसटतो.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी हा विकार पुरुषांनाही होतो असे आग्रहाने मांडले. १८९५ मध्ये ब्रॉयर व फ्रॉइड यांनी त्याचे मूळ स्मृतीत शोधले. पुढे १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानसूचीच्या तिसऱ्या आवृत्तीतून 'हिस्टेरिया' हे निदान वगळले. वैद्यकाने टाकलेला शब्द समीक्षेने मात्र जपून ठेवला.

आपल्याकडेही हे घडले. आयुर्वेदाच्या आधुनिक लेखनात हिस्टेरियासाठी 'योषापस्मार' हा प्रतिशब्द आढळतो. योषा म्हणजे स्त्री. ग्रीकांचे गर्भाशय भाषांतरात गळाले, पण रोगी स्त्रीच असणार हा पूर्वग्रह शाबूत राहिला.

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. आज हा शब्द वापरणाऱ्याच्या मनात गर्भाशय नसते. परंतु तोच आक्रोश पुरुषपात्राने केला, तर आपण त्याला 'शोकात्म' म्हणतो की 'हिस्टेरिकल'? ही विषमता व्युत्पत्तीतील नाही, आपल्या आजच्या वाचनातील आहे. तेव्हा हे विशेषण लिहिण्यापूर्वी त्या पात्राला नेमके काय सोसावे लागले, ते एका वाक्यात लिहून पाहावे. ते लिहिता आले, तर विशेषणाची गरज बहुधा उरणार नाही.