‘बोंझूर’ म्हटल्याशिवाय पाव नाही!

दोस्तांनो, समजा आईनं तुम्हाला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पाठवलंय. तिथं जाऊन तुम्ही काय म्हणता? "काका, अर्धा किलो साखर द्या." झालं! काका साखर तोलायला लागतात. "काका, नमस्कार!" अशी सुरुवात कुणी करत नाही. केलीच, तर काकांना वाटेल, आज स्वारीला उधारीवर काहीतरी हवंय.

फ्रान्समध्ये नेमकं इथंच माझं नाक कापलं गेलं.

काही वर्षांपूर्वी मी ल्यों शहरात एका ओळखीच्यांकडे उतरलो होतो. रोन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावरचं हे शहर. सकाळी पाव आणायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. त्यासाठी आदल्या रात्री एक वाक्य घोकून ठेवलं होतं : ‘युन बागेत, सिल वू प्ले.’ म्हणजे, कृपा करून एक बागेत द्या. बागेत म्हणजे तो चित्रात दिसतो ना, लांबलचक काठीसारखा पाव, तो. गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये बागेत या शब्दाचा अर्थच मुळी काठी किंवा कांडी. परीच्या हातातली जादूची कांडीही बागेतच!

दुकानात रांग होती. माझा नंबर आला आणि मी वाक्य एका दमात म्हणून टाकलं. उच्चारही बरा जमला असावा. पण काउंटरमागच्या बाईंनी पावाला हातच लावला नाही. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "बोंझूर, मस्यू."

मला वाटलं, यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा, जरा मोठ्यानं म्हटलं, "युन बागेत, सिल वू प्ले!"

"बोंझूर, मस्यू." या वेळी एकेक अक्षर सावकाश.

रांगेत मागे कुणीतरी खोकलं. मला घाम फुटला. माझ्या मागे सात-आठ वर्षांची एक चिमुरडी मुठीत नाणी घट्ट धरून उभी होती. तिनं माझ्याकडे वर बघितलं आणि आवाज न करता नुसते ओठ हलवले : बों-झूर. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली!

"बोंझूर, मादाम," मी म्हणालो. कान तापले होते. पण बाईंचा चेहरा लगेच खुलला आणि पाव माझ्या हातात आला.

माझ्यानंतर त्या चिमुरडीनं कशी मागणी केली ती ऐका. "बोंझूर मादाम. एक त्रादिस्यों द्या, फार भाजलेला नको." पैसे दिले, "मेर्सी, ओ रव्वार" म्हटलं आणि निघाली. मेर्सी म्हणजे आभार, ओ रव्वार म्हणजे पुन्हा भेटू. काय रुबाब होता! नंतर कळलं, फ्रान्समधल्या कितीतरी मुलांचं एकट्यानं केलेलं पहिलं काम हेच असतं, कोपऱ्यावरून पाव आणणं. आणि त्याची बक्षिसीही ठरलेली. पावाचं टोक! गरम, कुरकुरीत टोक घरी पोचेपर्यंत शिल्लक राहतच नाही. मोठी माणसंसुद्धा रस्त्यात ते मोडून तोंडात टाकतात.

बोंझूर म्हणजे शब्दशः ‘चांगला दिवस’. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना ड्रायव्हरला, लिफ्टमधल्या अनोळखी माणसाला, अगदी डॉक्टरांच्या दवाखान्यात थांबलेल्या सगळ्या पेशंटांना मिळूनसुद्धा एक बोंझूर म्हणायचं. संध्याकाळी त्याचं ‘बोंस्वार’ होतं. त्यामागचा विचार साधा आहे. आधी समोर माणूस आहे हे मान्य करा, मग त्याच्याकडे काय हवं ते मागा. बोंझूर न म्हणता थेट मागणी केली, तर त्यांना वाटतं, हा मला पाव काढून देणारं यंत्र समजतोय.

आता मजा बघा. परदेशी पाहुणे घरी जाऊन सांगतात, ‘फ्रेंच लोक भारी तुसडे!’ आणि दुकानातल्या बाई घरी जाऊन सांगत असतील, ‘हे परदेशी भारी उद्धट!’ सगळं भांडण एका शब्दाचं. आणि त्याच माणसाला दिवसातून दोनदा बोंझूर म्हटलंत तर? तर त्याला वाटतं, सकाळची भेट हा विसरला वाटतं! म्हणून दुसऱ्यांदा भेटलं की ‘रबोंझूर’, म्हणजे पुन्हा एकदा बोंझूर, असं हसत म्हणतात.

याच्या पुढची पायरी इंग्रजी बोलणाऱ्यांना फार जड जाते, पण तुम्हाला नाही जाणार. फ्रेंचमध्ये ‘तू’ वेगळं आणि ‘तुम्ही’ वेगळं. त्यांचा ‘तू’ रोमन लिपीत टी-यू असाच लिहितात. उच्चार मात्र ‘त्यू’च्या जवळचा. आपला ‘तू’ आणि त्यांचा ‘त्यू’ हे खरोखरच एका फार जुन्या भाषेतून आलेले चुलतभाऊ आहेत. ‘तुम्ही’ला ते ‘वू’ म्हणतात. त्यासाठी त्यांच्याकडे दोन क्रियापदंच आहेत, त्युत्वाये आणि वूव्वाये. इंग्रजीत ती समजावून सांगायला अख्खं वाक्य लागतं. मराठीत मात्र शब्द तयारच आहेत : अरे-तुरे करणं आणि अहो-जाहो करणं!

पण सावध! दोघांचे नियम सारखे नाहीत. आपल्याकडे पुष्कळ घरांत आईला ‘अगं’ आणि बाबांना ‘अहो’ म्हणायची पद्धत होती, काही घरांत अजूनही आहे. फ्रान्समध्ये आई, बाबा, आजी, आजोबा, सगळ्यांना बहुतेक घरांत सरळ ‘त्यू’. आजोबांना अरे-तुरे! आणि पाववाल्या बाईंना, शेजारच्या काकांना, हायस्कूलच्या शिक्षकांना ‘वू’. मोठी झालेली दोन माणसं ‘वू’वरून ‘त्यू’वर येताना चक्क एकमेकांना विचारतात, ‘अरे-तुरे केलं तर चालेल ना?’ मला ही पद्धत फार आवडली.

बरं, पावाकडे परत येऊ. त्या दिवशी मी लोभानं दोन क्रुआसाँही घेतले होते. बाईंनी किंमत सांगितली. मला ऐकू आलं : तीन युरो, चार, वीस, पंधरा. एवढे आकडे कशाला? मी तळहातावर सगळी नाणी पसरून त्यांच्यापुढे धरली. त्यांनीच हवी ती उचलून घेतली. किंमत होती तीन युरो पंच्याण्णव सेंट. फ्रेंचमध्ये पंच्याण्णवला म्हणतात ‘कात्र-वँ-कँझ’, म्हणजे चार-वीस-पंधरा. चार गुणिले वीस अधिक पंधरा! सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, आणि नव्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. पाढा पाठ नसेल तर बाजारहाट कठीण. त्यांचे शेजारी, बेल्जियममधले आणि स्वित्झर्लंडमधले फ्रेंच बोलणारे लोक, सत्तर आणि नव्वदसाठी सुटसुटीत शब्द वापरतात.

हसू नका हं! आपल्याकडेही जुन्या पिढीतल्या, खेड्यातल्या बायका विसांतच मोजायच्या. ‘तीन विसा आणि पाच’ म्हणजे पासष्ट. आजीला विचारून बघा. आणि एकोणनव्वद म्हणजे ‘नव्वदला एक कमी’ हे परदेशी माणसाला समजावून सांगताना तुमचीही दमछाक होईल. पॅरिसमध्ये डोळ्यांचं एक प्रसिद्ध हॉस्पिटल आहे. त्याचं नावच कँझ-वँ, म्हणजे ‘पंधरा-वीस’. तेराव्या शतकात राजा नवव्या लुईनं तीनशे अंध लोकांसाठी ही संस्था काढली. पंधरा विसा तीनशे!

आता तुम्ही म्हणाल, साध्या पावाचं एवढं काय कौतुक? तर त्या देशात पावानं राजाला हलवलंय. १७८८ साली तिथं पीक बुडालं आणि १७८९ मध्ये पाव इतका महागला की मजुराची निम्म्याहून जास्त कमाई नुसत्या पावावर जायची. ५ ऑक्टोबर १७८९ या दिवशी पॅरिसच्या बाजारातल्या हजारो बायका पाव मागत, पावसात भिजत, वीसेक किलोमीटर चालत व्हर्सायच्या राजवाड्यावर गेल्या. दुसऱ्या दिवशी राजाराणी आणि राजपुत्राला घेऊनच त्या पॅरिसला परतल्या. वाटेत लोक ओरडत होते, बेकरी चालवणारा, त्याची बायको आणि त्यांचा पोरगा आणलाय! म्हणजे आता पावाची ददात नाही.

या राणीबद्दलची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पाव नाही म्हणून रडणाऱ्या लोकांना ती म्हणे म्हणाली, ‘मग केक खा!’ ही गोष्ट तिच्या नावावर उगाच खपवलीय. रूसो या लेखकानं आपल्या आत्मचरित्रात एका नाव नसलेल्या राजकन्येच्या तोंडी असं वाक्य घातलंय. आणि तो ते पान लिहीत होता तेव्हा मारी आंत्वानेत व्हिएन्नात बाहुल्यांशी खेळायच्या वयाची होती. शिवाय वाक्यात केक नाहीच, ब्रियोश आहे, म्हणजे लोणी-अंडी घातलेला गोडसर पाव.

तेव्हापासून फ्रान्सच्या सरकारनं पावावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. पावाची किंमत तर अगदी १९८०च्या दशकापर्यंत सरकारच्या ताब्यात होती. त्या चिमुरडीनं मागितलेल्या ‘त्रादिस्यों’मागेही एक कायदा आहे. भराभर यंत्रानं मळलेला, गोठवून ठेवलेला, बेचव पाव सगळीकडे दिसायला लागला, तेव्हा १९९३ मध्ये सरकारनं हुकूम काढला : ‘फ्रेंच परंपरेचा पाव’ म्हणून विकायचा असेल, तर गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण. टिकवण्याची रसायनं नकोत, आणि कणीक एकदाही फ्रिझरमध्ये गेलेली नको. १९९८ मध्ये आणखी एक कायदा झाला. जो पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं स्वतः त्याच जागी करतो, त्यानंच दुकानावर ‘बुलांझरी’ अशी पाटी लावायची. बाहेरून आणून नुसतं गरम करणाऱ्यानं लावायची नाही.

कायदे कधीकधी गमतीदारही होतात. बऱ्याच जिल्ह्यांत पाववाल्यांना आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवावंच लागतं. ओब जिल्ह्यातल्या एका गावच्या पाववाल्यानं उन्हाळ्यात पर्यटकांसाठी सातही दिवस दुकान उघडं ठेवलं, तर २०१८ मध्ये त्याला ३००० युरो दंड झाला! जास्त काम केल्याबद्दल दंड. गावकरी मात्र पाववाल्याच्या बाजूनं उभे राहिले.

पण इतके कायदे असूनही दुकानं वाचतातच असं नाही. १९७०च्या सुमाराला फ्रान्समध्ये अंदाजे ५५ हजार बेकऱ्या होत्या, आता उरल्यात ३५ हजारांच्या आसपास. त्यातही बंद झाल्या त्या मुख्यतः लहान खेड्यांतल्या. पहाटे तीन-चारला उठून पीठ मळायला नवी पिढी तयार नसते आणि शहराबाहेरच्या मोठ्या दुकानात पाव स्वस्त मिळतो. काही गावांत आता चौकात यंत्र उभं असतं. नाणं टाकलं की खालून बागेत बाहेर येते. पाव मिळतो हो, पण सकाळी काठी टेकत येणाऱ्या आजोबांना दिवसातलं एकच बोंझूर म्हणायला मिळत असेल, तर ते त्या यंत्राला कसं म्हणणार? ३० नोव्हेंबर २०२२ रोजी युनेस्कोनं बागेत बनवण्याची कला आणि तिच्याभोवतीची संस्कृती अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातली, तेव्हा बेकऱ्यांची ही घटती संख्या सगळ्यांच्या मनात होतीच.

पॅरिसमध्ये दरवर्षी उत्तम बागेतची स्पर्धा होते. जिंकणाऱ्याला रोख ४००० युरो आणि एक वर्ष राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे राजवाड्यात पाव पुरवण्याचा मान. २०२३ मध्ये तो कुणी जिंकला असेल? श्रीलंकेतून आलेल्या थर्शन सेल्वराजा यांनी. फ्रान्समध्ये येऊनच ते हे काम शिकले.

आपणही या पावाला तसे परके नाही बरं का. लॅटिन ‘पानिस’चं फ्रेंचमध्ये ‘पँ’ झालं, पोर्तुगीजमध्ये ‘पांव’, आणि पोर्तुगिजांकडून आपल्याला मिळाला तो ‘पाव’. गोव्यात सायकलवरून भोंगा वाजवत येणारा पोदेर हा त्यांच्या पाववाल्याचा नातेवाईकच म्हणायचा. फ्रेंच मुलं दोस्ताला ‘कोपँ’ म्हणतात, त्यातही हाच पाव दडलाय : ज्याच्याबरोबर पाव वाटून खायचा तो कोपँ.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या दुकानात गेलो. दारातूनच ठणठणीत आवाजात "बोंझूर, मादाम!" ठोकलं. बाई हसल्या. "बोंझूर मस्यू! भाजलेला की कमी भाजलेला?" या प्रश्नाची तयारी मी केलीच नव्हती. मी मागे वळून बघितलं. ती चिमुरडी आज रांगेत नव्हती.

पुढच्या आठवड्यात आपण तिच्या शाळेत जाऊ. तिथं अकरा वर्षांची मुलं सहावीत बसतात आणि पास झाली की पाचवीत जातात! कसं ते तेव्हाच सांगेन. तोवर एक गणित सोडवून ठेवा : फ्रेंच पद्धतीनं एक्क्याण्णव कसं म्हणाल?