बिबट सफारी ठरवताना बायांना कोणी विचारलं?

जुन्नर तालुका २०१८ साली विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तिथल्या आंबेगव्हाणला बिबट सफारी उभारण्याची योजना मांडली गेली आहे. शहरातली कुटुंबं मुलाबाळांसह येतील, गाइडसोबत बंद गाडीतून बिबट्या पाहतील.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, हुतात्मा बाबू गेनूंच्या महाळुंगे पडवळच्या पंचक्रोशीत, बिबट्या दिसायला तिकीट लागत नाही. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला, उसात बिबट्याला आडोसा मिळाला. मादी पिलंही तिथेच घालते. त्याच उसाच्या कडेने बाई गवत कापते, खुरपते, अंधारात परसाकडला जाते. वाकलेलं, बसलेलं माणूस बिबट्याला सावज वाटू शकतं, आणि बाईचं निम्मं काम वाकूनच असतं. ऊसतोडणी करणारीचं तर पोरही फडाजवळच झोपलेलं असतं.

सफारीला विरोध करण्याचं कारण नाही. पण योजना कोणासाठी, हे विचारायला हवं. पाहुण्यांना सुरक्षित गाडी मिळणार असेल, तर गावातल्या बाईला घराजवळ संडास, वाटेवर दिवा आणि फडावर पाळणाघर आधी मिळालं पाहिजे. रोजगार म्हणजे बायांनी फक्त पिठलं-भाकरी करायची का? बिबट्याची चाहूल त्यांना कळते. त्यांनाच गाइडचं प्रशिक्षण द्या, पगारी कामावर घ्या.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. मैत्रिणींनो, या मागण्या त्या सभेत मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.